मेलेला घोरी चंदावरला कसा पोहोचला?

पृथ्वीराज चौहानांवरचा तो लांबलचक मेसेज बरीच वर्षं फिरतोय. या वेळी त्याला एका कादंबरीतला उतारा जोडलाय आणि वर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'ही कादंबरी नाही, आपल्यापासून लपवलेला इतिहास आहे.' मेहुण्यांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला तेव्हा मी गप्प बसलो. पण आठवीतल्या भाचीने त्यावरून वक्तृत्व स्पर्धेचं भाषण बसवलं आणि 'मामा, ऐक ना' म्हणत मलाच म्हणून दाखवलं. शेवटचं वाक्य होतं, 'आपल्या आजूबाजूचे जयचंद ओळखा!' आता बोलायलाच हवं.

ज्यांच्यापर्यंत मेसेज आला नाही त्या भाग्यवंतांसाठी त्याचा सारांश. पृथ्वीराजाने मुहम्मद घोरीला सतरा वेळा पकडून माफ केलं. दिल्लीचं राज्य आजोबांनी, म्हणजे आईचे वडील अनंगपाल यांनी, पृथ्वीराजाला दिलं आणि वर त्याने जयचंदाची मुलगी संयोगिताही पळवून नेली, म्हणून हा कनौजचा राजा, त्याचा मावसभाऊ, जळला आणि त्याने घोरीला बोलावलं. घोरीने पृथ्वीराजाला गझनीला नेऊन त्याचे डोळे फोडले. तिथे त्याचा दरबारी कवी चंदबरदाईने 'चार बांस चौबीस गज' हा अंतर सांगणारा दोहा म्हटला आणि आंधळ्या राजाने त्या अंदाजाने बाण मारून घोरीला संपवलं. जयचंदालाही घोरीनेच मारलं, फितुराला फळ मिळालं. आणि हे सारं स्वातंत्र्यानंतरच्या इतिहासकारांनी दडवलं.

आधी बाणाचं बघू. पृथ्वीराज जिच्यात हरला ती तराइनची दुसरी लढाई ११९२ सालची. जयचंद पडला तो ११९४ मध्ये, यमुनेकाठी चंदावरला, घोरीच्या फौजेशी लढताना. आणि घोरी मेला १२०६ मध्ये, पंजाबातून परतत असताना, छावणीत झालेल्या हल्ल्यात. मारेकरी खोखर टोळीवाले होते की इस्माइली पंथाचे, यावर वाद आहे, सालावर नाही. म्हणजे मेसेजप्रमाणे पृथ्वीराजाच्या बाणाने गझनीत मेलेला घोरी नंतर चंदावरला येऊन जयचंदाला मारून गेला, आणि पुन्हा बारा वर्षांनी पंजाबात मेला. बाण १२०६ मध्ये मारला असं म्हणाल, तर तेही जमत नाही. ज्या फारसी लेखकांकडून आपल्याला या लढायांची माहिती मिळते त्यांपैकी हसन निजामी सांगतो की पृथ्वीराजाला अजमेरला नेलं आणि कटाचा संशय आल्यावर ठार केलं. मिन्हाज तर लढाईनंतर लगेच मारल्याचं लिहितो. चौदा वर्षं गझनीच्या कोठडीत वाट पाहणारा राजा कुणाकडेच नाही.

सतरा वेळा माफीचं म्हणाल तर इथे थोडं मागे सरावं लागतं. ही कथा फेसबुकवाल्यांची नाही, जुनीच आहे. 'हम्मीर महाकाव्या'त आकडा सात आहे, 'प्रबंधकोशा'त वीस, आणखी कुठे एकवीस. ग्रंथागणिक आकडा वेगळा. प्रत्यक्षात पृथ्वीराज आणि घोरी यांच्यात ठळक नोंद असलेल्या लढाया दोनच, ११९१ आणि ११९२ च्या. पहिलीत घोरी जबर जखमी झाला आणि त्याच्याच एका माणसाने त्याला घोड्यावर सावरून बाहेर काढला. पृथ्वीराज जिंकला, हे खरं. पकडून सोडून दिलं, हे नाही.

आता जयचंद. माझा खरा राग इथेच आहे.

जयचंदाच्या मत्सराची दोन कारणं सांगतात. पहिलं दिल्ली. त्याची तपासणी करायला फार लांब जावं लागत नाही. पृथ्वीराजाच्या दरबारात, त्याच्या हयातीत, जयानक नावाच्या काश्मिरी कवीने 'पृथ्वीराजविजय' हे संस्कृत काव्य लिहिलं. त्याचं भूर्जपत्रावरचं, शारदा लिपीतलं, जागोजागी फाटलेलं हस्तलिखित जर्मन संस्कृत पंडित ब्यूलरला १८७५-७६ च्या काश्मीर दौऱ्यात सापडलं. त्या दौऱ्यातला संग्रह आधी डेक्कन कॉलेजात आणि पुढे भांडारकर संस्थेत आला. लपवलेला इतिहास म्हणे! तो पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर ठेवलाय. या काव्यात पृथ्वीराजाची आई कर्पूरदेवी आहे, त्रिपुरीच्या कलचुरींची राजकन्या. दिल्लीच्या अनंगपालाची मुलगी नव्हेच. मग आजोबांनी दिल्ली दिली कशी आणि जयचंद मावसभाऊ झाला कसा? दिल्ली चौहानांकडे आली ती पृथ्वीराजाचा काका विग्रहराज याच्या पराक्रमाने. ११७० च्या बिजोलिया शिलालेखात तसं कोरलेलं आहे. पृथ्वीराजाची राजधानीसुद्धा अजमेर, दिल्ली नव्हे.

दुसरं कारण संयोगिता. जयानकाकडे हे नाव नाही. गंगेकाठच्या, तिलोत्तमेचा अवतार म्हटलेल्या कुणा सुंदरीच्या ओढीचा प्रसंग आहे, आणि तीच संयोगिता असावी असं दशरथ शर्मांसारखे अभ्यासक मानतात. असेल. हस्तलिखित त्याच्या आसपास तुटतं. पण त्यावरून स्वयंवर, दारात उभा केलेला पृथ्वीराजाचा पुतळा आणि घोड्यावरून पळवणं सिद्ध होत नाही.

आणि जयचंदाने घोरीला बोलावलं? त्या काळातला एकही लेखक हे म्हणत नाही. फारसी लेखकांनी तर आपल्या सुलतानाला आतून मिळालेली मदत लिहून ठेवली असती, निदान वाटाघाटींचा उल्लेख केला असता. त्यांच्याकडे जयचंद हा बनारसचा बलाढ्य राय आहे, जो हत्तीवर बसून लढला आणि बाण लागून पडला. लढून मेलेल्या माणसाचं नाव आपण सूर्याजी पिसाळाच्या ओळीत नेऊन बसवलंय. याच कनौज दरबारात श्रीहर्षाने 'नैषधीयचरित' लिहिलं, आणि त्याच्याच आधारावर आपल्या रघुनाथपंडितांचं 'नलदमयंती स्वयंवराख्यान' उभं आहे. त्यातल्या हंसाच्या ओळी शाळेत पाठ केलेल्यांनी तरी जयचंदाला शिवी म्हणून वापरताना अडखळायला हवं.

मेसेज लिहिणाऱ्याला न पचणारी आणखी एक गोष्ट सांगतो. ११७८ मध्ये घोरी गुजरातवर चालून आला. तेव्हा तिथल्या चालुक्य राजांच्या मदतीला जायचं की नाही हा प्रश्न पृथ्वीराजापुढे होता, आणि मंत्री कदंबवासाने सल्ला दिला की जाऊ नये, शत्रू आपापसात झिजू देत. हे जयानक, म्हणजे त्याचाच स्तुतिकार, अभिमानाने सांगतो. चालुक्यांनी आबूजवळ घोरीला पृथ्वीराजाविनाच हरवलं. शेजारी संकटात असताना घरी बसणं हीच जर फितुरी, तर ती फूटपट्टी मग दोघांनाही लावा. तेव्हाचे राजे एकमेकांना परकेच समजत होते. 'आपण सगळे' ही कल्पना आपण त्यांच्या डोक्यात घालतोय.

'लपवलं' या आरोपावर फार वेळ घालवत नाही. हे सगळं चंदबरदाईच्या नावावर असलेल्या ज्या 'पृथ्वीराज रासो' या काव्यातून येतं त्याची हाती असलेली जुनी हस्तलिखितं सोळाव्या-सतराव्या शतकाच्या आसपासची आहेत, घटनेनंतर सुमारे चारशे वर्षांची. रासो समकालीन नाही हे १८८६ मध्ये सविस्तर मांडलं ते मेवाडच्या राजदरबारातल्या कविराज श्यामलदासांनी. उदयपूरच्या महाराणांचा हा माणूस स्वातंत्र्यानंतरच्या कुठल्या टोळीतला होता, ते मेहुण्यांनी सांगावं.

कादंबरीकारावर माझा राग नाही. रासो हेच मुळात एक रसाळ पुनर्कथन आहे. त्याचं आणखी पुनर्कथन करायचा हक्क कुणालाही आहे, आणि आंधळ्या राजाचा बाण वाचताना माझ्याही अंगावर काटा येतो. फक्त एक सुचवतो. एका बाजूला पृथ्वीराजाचं आणि दुसऱ्या बाजूला मुहम्मद बिन साम, म्हणजे घोरीचं, नाव असलेली नाणी सापडली आहेत. हा टांकसाळीतला गोंधळ की हरलेला राजा काही काळ मांडलिक म्हणून अजमेरला होता, यावर जाणकार भांडतात. पराभव आणि मृत्यू यांच्यामधल्या त्या दिवसांवर, अजमेरच्या किल्ल्यात काय शिजत होतं यावर, मला अजून एकही चांगली कादंबरी मिळालेली नाही. कुणी लिहिली तर विकत घेऊन वाचीन, आणि कादंबरी म्हणूनच मेहुण्यांना भेट देईन.