चार अवे आणि मग आराम? एका फॉरवर्डला उत्तर

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर वर्षी एक फॉरवर्ड उगवतो. मुलं मेडिकल स्कूलच्या चौथ्या वर्षाचं वेळापत्रक भरायला बसली की तो हमखास येतो. यंदा सहा जणांनी मला पाठवला, त्यातल्या दोघांनी "ताई, हे बरोबर आहे ना?" असं विचारून. मजकूर थोडक्यात असा: जुलै ते ऑक्टोबर चार नामांकित हॉस्पिटलांत चार अवे रोटेशन्स (आपलं कॉलेज सोडून दुसऱ्या हॉस्पिटलात जाऊन केलेलं काम) करा. शिफारसपत्र विभागप्रमुखांचंच घ्या. स्टेप टू (डॉक्टरी परवान्याच्या अमेरिकी परीक्षेचा दुसरा टप्पा) सावकाश दिली तरी चालते. नोव्हेंबरनंतर कोणी काही बघत नाही, हलकं-फुलकं घ्या. आणि भारतातून येणाऱ्या मुलांनीही हेच करावं.

मी इंटर्नल मेडिसिनची अटेंडिंग, म्हणजे वरिष्ठ डॉक्टर आहे आणि रेसिडेन्सीचे, म्हणजे पदवीनंतर हॉस्पिटलात होणाऱ्या प्रशिक्षणाचे अर्ज वाचणाऱ्या समितीवर बसते. यातलं अर्धं खरं आहे, पंचाईत तीच आहे.

आधी चार अवेंचं बघू. रेसिडेन्सीचे प्रोग्रॅम इरास या ऑनलाइन अर्जव्यवस्थेवरचे अर्ज उघडतात ते सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. २०२५ मध्ये ती तारीख २४ सप्टेंबर होती. रोटेशन साधारण चार आठवड्यांचं. ते संपल्यावर अटेंडिंगने पत्र लिहायचं, आणि आम्ही अटेंडिंग लोक पत्राच्या बाबतीत किती वक्तशीर असतो ते न विचारलेलंच बरं. म्हणजे ऑक्टोबरच्या अवेचं पत्र फाइल पहिल्यांदा वाचली जाते तेव्हा नसतंच, सप्टेंबरचंही बहुधा नसतं. चारांतली दोन कागदावर दिसतच नाहीत.

मग अवे करायचीच नाहीत का? शाखा कुठली ते सांगा. ऑर्थोपेडिक्स, न्यूरोसर्जरी, कान-नाक-घसा इथे अवे म्हणजे महिनाभर चाललेली मुलाखत असते, आणि मुलं दोन-तीन करतात ती उगीच नाही. तिथे ऑक्टोबरचं अवेही कामाला येऊ शकतं, कारण पत्र नसलं तरी माणसं प्रत्यक्ष बघतात. इमर्जन्सी मेडिसिनचा हिशेब वेगळा. त्यांचं 'स्लो' नावाचं ठरावीक साच्यातलं मूल्यमापन असतं, विद्यार्थी बरोबरीच्यांच्या तुलनेत कुठे बसतो हे त्यात स्पष्ट विचारलेलं असतं, आणि ते रोटेशन केल्याशिवाय मिळत नाही. तिथे एक आपल्या घरच्या हॉस्पिटलात आणि एक बाहेर, दोन्ही अर्जाआधी उरकावीत. इंटर्नल मेडिसिन, पीडियाट्रिक्स, फॅमिली मेडिसिनला मात्र अवेची सहसा गरज नसते. एखाद्या शहरात जायचंच असेल तर एक करा.

अवेचा पहिला आठवडा कसा जातो तेही त्या फॉरवर्डमध्ये नाही. बॅज तिसऱ्या दिवशी चालू होतो. कॉम्प्युटरचं लॉगिन मिळतं, पण ऑर्डर लिहायची परवानगी नसते. डायलिसिस कुठल्या मजल्यावर ते इंटर्नला (इथे म्हणजे रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षातल्या डॉक्टरला) विचारावं लागतं, आणि जुलै असेल तर इंटर्नही १ जुलैलाच रुजू झालेला, त्यालाही ठाऊक नसतं. असे चार पहिले आठवडे म्हणजे एक अख्खा महिना गेला. शिवाय परक्या शहरातली खोली, गाडी, अर्जांची फी हे सगळं वर, बहुतेकदा कर्जातून.

माझं मत विचाराल तर घरच्या हॉस्पिटलातली सब-इंटर्नशिप, म्हणजे विद्यार्थ्याने इंटर्नसारखं काम करायचं रोटेशन, आधी. तीही जमल्यास ऑगस्टमध्ये. जुलैत सीनियर रेसिडेंटचं सगळं लक्ष नव्या इंटर्नने काही घोळ घालू नये याकडे असतं, सब-इंटर्न बिचारा कोपऱ्यात. ऑगस्टपर्यंत वॉर्डाची घडी बसते आणि तुमच्या हाती खरे पेशंट येतात. फक्त एक आधीच विचारून ठेवा: डीन ऑफिसकडून जाणाऱ्या एमएसपीई या मूल्यमापनपत्रात कुठल्या महिन्यापर्यंतचे शेरे घेतात? प्रत्येक कॉलेजची तारीख वेगळी असते.

आता विभागप्रमुखांचं पत्र. इंटर्नल मेडिसिनमध्ये बरेच प्रोग्रॅम विभागाचं पत्र मागतात, तेवढ्यापुरतं फॉरवर्ड बरोबर. ते बहुतेकदा तुमच्या शेऱ्यांवरून तयार होतं, त्यासाठी प्रमुखांच्या मागे महिनाभर फिरावं लागत नाही. पण एका प्रोग्रॅमला जास्तीत जास्त चार पत्रं जातात. उरलेल्या जागा ज्यांनी तुम्हाला काम करताना पाहिलं त्यांना द्या. "मेहनती, नम्र, टीममध्ये मिसळणारा" असं एखाद्या बड्या नावाखाली लिहिलेलं मी दर हंगामात इतक्यांदा वाचते की डोळा आपोआप पुढच्या ओळीवर जातो. गेल्या वर्षी मी स्वतः एका मुलीचं पत्र लिहिलं. तिने पहाटे सहाला लॅब पाहिली, क्रिएटिनिन रात्रीत वाढलेलं होतं, म्हणजे किडनीचं काम मंदावलेलं, आणि अँटिबायोटिकची मात्रा जुनीच चालू होती. राउंडची वाट न बघता तिने फार्मसीला फोन केला आणि रात्रपाळीच्या रेसिडेंटला उठवून ऑर्डर बदलून घेतली. पत्राचा पहिला परिच्छेद तोच. माझं नाव आमच्या काउंटीबाहेर कोणी ऐकलेलं नाही, पण मुलाखतीला तिला त्याच सकाळबद्दल विचारलं गेलं.

स्टेप टू सावकाश, हा सल्ला जुन्या काळात ठीक होता. २६ जानेवारी २०२२ पासून स्टेप वन फक्त पास-नापास झाली. समितीपुढे आकड्यात दिसणारा एकच स्कोअर उरला, स्टेप टूचा. निकालाला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तेव्हा जुलैअखेर परीक्षा आटोपलेली बरी, आणि वेळापत्रकात तिच्यासाठी आधीच महिनाभर मोकळा ठेवा. अवेच्या मधोमध अभ्यास करणारी मुलं मी पाहिली आहेत. दुपारच्या लेक्चरला पेंगत असतात, आणि तेही लोक बघत असतातच.

नोव्हेंबरनंतर हलकं घ्या, हे मला मान्य आहे. मुलाखती मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारी चालतात, बहुतेक व्हिडिओवर, तेव्हा ज्यात सुट्टी मिळते अशीच रोटेशन्स हवीत. रेडिओलॉजी घ्या. पण रँक लिस्ट (प्रोग्रॅमचा पसंतीक्रम) मार्चच्या सुरुवातीला बंद होते, मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी मॅचचा, म्हणजे कोणाला कुठे जागा मिळाली याचा निकाल लागतो, आणि पदवी वेळेवर मिळाली नाही तर मॅच होऊनही जागा हातची जाऊ शकते. फेब्रुवारीनंतर एक महिना आयसीयू घ्या, कारण १ जुलैला पेजर तुमच्याच कमरेला असणार.

राहता राहिली भारतातली मुलं. त्यांना हा आराखडा लागूच पडत नाही. २०२५ च्या मॅचमध्ये अमेरिकी एमडी विद्यार्थ्यांपैकी ९३.५ टक्क्यांना जागा मिळाली, परदेशी नागरिक असलेल्या परदेशी पदवीधरांपैकी ५८ टक्क्यांना. त्यांच्यासाठी इथल्या एखाद्या हॉस्पिटलातला, पेशंटला हात लावू देणारा एकच महिना आमच्या मुलांच्या चार अवेंपेक्षा जड असतो. आणि असं इलेक्टिव्ह अनेक ठिकाणी फक्त विद्यार्थ्यांना, तेही शेवटच्या वर्षातल्या, मिळतं. एमबीबीएसची पदवी हातात पडली की ते दार बहुतेक ठिकाणी बंद होतं. उरते ऑब्झर्व्हरशिप, म्हणजे हात मागे बांधून राउंडला उभं राहणं. माझ्या नागपूरच्या भाच्याने हा फॉरवर्ड मला पाठवला तेव्हा त्याची इंटर्नशिप संपून सहा महिने झाले होते. त्याला मी ऑब्झर्व्हरशिप देणाऱ्या तीन ठिकाणांचे पत्ते पाठवले. त्याची धाकटी बहीण अजून तिसऱ्या वर्षात आहे, फोन तिला दे म्हटलं.