जर्मनीला एमएस करायला निघालेल्यांनो, आधी रीडिंग जुळवणं सोडा

आपल्याकडच्या बीएस्सीच्या किंवा इंजिनिअरिंगच्या प्रॅक्टिकलला काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. उत्तर काय यायला हवं ते आधीच माहीत असतं. मग मागच्या बॅचच्या जर्नलमधून रीडिंग उतरवायची, ग्राफ सरळ रेषेत बसवायचा, सरांची सही घ्यायची, सबमिशन झालं! परदेशातल्या शिक्षणाने माणूस घडतो असं म्हणतात, तेव्हा माझ्या मते सगळ्यात मोठी घडण हीच: ही सवय मोडते. आणि ज्याची मोडत नाही, त्याच्या हाती दोन वर्षांनी फक्त डिग्रीचा कागद उरतो.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) लागतं, ते वेळेत काढा. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, त्यातून महिन्याला 992 युरोच काढता येतात. सरकारी विद्यापीठांत फी नसते हे बहुतेक ठिकाणी खरं, सगळीकडे नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून सेमिस्टरला 1,500 युरो पडतात, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही 2024 च्या हिवाळी सेमिस्टरपासून फी लावली आहे. ‘जर्मनीत फुकट असतं’ एवढ्या भरवशावर आईवडिलांना हिशेब मांडायला लावू नका.

आता अभ्यास. एमएस बहुधा 120 क्रेडिटचं. एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांची मेहनत धरलेली असते. म्हणजे 30 क्रेडिटच्या सेमिस्टरला जवळपास 900 तास, सहा महिन्यांत वाटले तर आठवड्याला साधारण 35. त्यावर कोणी आठवड्याला 20 तास गोदामात पार्सलं उचलली की झाले 55, आणि स्वयंपाक, कपडे, घर शोधणं वेगळंच. पहिल्या सेमिस्टरला घसरण होते ती इथे. बऱ्याच विषयांना हजेरी नाही, युनिट टेस्ट नाही, शेवटी एकच परीक्षा. तिचीही पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते. तारीख चुकली तर सेमिस्टरभर लेक्चरला बसूनही पेपरला बसता येत नाही. नापास झालात तर आपल्या एटीकेटीसारखं पुढे ढकलत राहता येत नाही. बहुतेक ठिकाणी एका पेपरला तीनच संधी असतात. सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदाही 5.0 (तिथे याचा अर्थ नापास) आले, तर नाव कमी होतं आणि त्याच शाखेचं दार दुसऱ्या जर्मन विद्यापीठांतही सहसा बंद होतं. म्हणून पहिल्या सेमिस्टरला सहाऐवजी चारच पेपर घेणारा विद्यार्थी मला शहाणा वाटतो, मग एक सेमिस्टर जास्त लागलं तरी चालेल.

पैशांसाठी काम करावंच लागतं, त्यात कमीपणा काहीच नाही. पण शक्य असेल तर हिवीचं काम धरा. हिवी म्हणजे एखाद्या प्राध्यापकाच्या किंवा लॅबच्या हाताखाली विद्यार्थी-मदतनीस. पगार गोदामापेक्षा फार जास्त नसतो. पण परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस कामाची मर्यादा आहे, त्यात विद्यापीठातलं हे काम धरत नाहीत. शिवाय थीसिसचा विषय, शिफारसपत्र, पुढे पीएचडीची जागा, यांतलं बरंचसं त्याच दारातून येतं.

ते मिळवण्यासाठी पन्नास प्राध्यापकांना एकच ईमेल पाठवण्याची आपली जी पद्धत आहे, ती वाया जाते. ‘रिस्पेक्टेड सर, आय अॅम अ हार्डवर्किंग स्टुडंट’ इथवर वाचूनच तो मेल बाजूला पडतो. पाचच जण निवडा. प्रत्येकाचा अलीकडचा एक रिसर्च पेपर नीट वाचा, त्यातल्या एका आकृतीबद्दल खरोखर पडलेला एक प्रश्न विचारा, तुम्हाला काय येतं ते दोन ओळींत सांगा (पायथन, लेथ, पीसीआर, जे असेल ते), मार्कलिस्ट जोडा. बारा-पंधरा ओळी पुरे. दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा.

लॅबमध्ये गेल्यावर खरी शाळा सुरू होते. नोंदवहीचं एक पान डोळ्यांसमोर आणा: वर तारीख, नमुन्याचा क्रमांक, तापमान, कोणत्या बाटलीतलं रसायन, किती वाजता काय केलं, आणि खाली ‘सिग्नल आला नाही’. पेनने लिहिलेलं. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. तिथल्या संशोधन-आचारसंहितेप्रमाणे छापलेल्या निष्कर्षांमागचा मूळ डेटा साधारण दहा वर्षं जपून ठेवतात, म्हणजे ‘सिग्नल आला नाही’ हेही जपलं जातं. गाइडच्या मीटिंगला जाताना एक पान न्या: काय ठरलं होतं, काय आलं, कुठे अडलंय. आपली मुलं अडलेलं लपवतात, सर रागावतील म्हणून. तीन आठवडे गप्प राहून चौथ्या आठवड्यात सांगितलं, की गाइड वैतागतो तो त्या तीन आठवड्यांसाठी.

आणि हे धैर्य आपल्याला परकं नाही. इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला पीएचडी करत होत्या. गाइड ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते. गोऱ्या युरोपियनांच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंत जास्त फरक असतो आणि त्यात त्यांच्या बुद्धीचं मूळ आहे, अशी त्यांची धारणा. इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या. मापांत तसा वंशाशी संबंध दिसेना, आणि प्रबंधात त्यांनी तसंच लिहिलं. परक्या देशात, पदवी ज्यांच्या हातात त्यांच्याच मताविरुद्ध. रीडिंग जुळवून आणणं किती सोपं होतं!

करिअरमध्ये हे कसं उपयोगी पडतं? जर्मनीत पीएचडी बहुधा नोकरीसारखी असते: करार, पगार, सुट्ट्या. जाहिरातीत ‘ई-13, 65 टक्के’ (ई-13 ही पगारश्रेणी) असं दिसलं तर पगार तेवढ्याच तासांचा, काम मात्र अनेक लॅबमध्ये पूर्णवेळ होतं, हे आधी विचारून घ्या. आणि मुलाखतीत हमखास विचारतात की थीसिसमध्ये काय फसलं आणि मग तुम्ही काय केलंत. ज्याच्या वहीत फसलेलंही आहे, तो वीस मिनिटं बोलू शकतो. उद्योगात जायचं तर डिग्रीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात, पण मध्यम आकाराच्या कंपन्यांत जर्मन भाषेवाचून फार अडतं. कोर्स इंग्रजीत असला तरी इथूनच जर्मनची बी-1 ही मधली पातळी करून निघा. तिथे गेल्यावर करू म्हणणाऱ्यांना त्या आठवड्याच्या 35 तासांतून वेळ सापडत नाही.

ज्यांचं फायनल इयर सध्या चालू आहे, त्यांनी प्रोजेक्टसाठी आजच एक शिवलेली, पानं न सुटणारी वही आणावी. पानांवर क्रमांक घालावेत आणि सोमवारच्या प्रॅक्टिकलला जे रीडिंग येईल, वाकडं आलं तरी, तेच लिहावं. सरांनी का वाकडं म्हणून विचारलं, तर कारण शोधायला पुढचा आठवडा मागून घ्यावा.