पर्यवेक्षक म्हणजे परीक्षेतले की कंपनीतले?

एमबीएचा प्रोजेक्ट, एम.एड.चा लघुप्रबंध, पीएच.डी. काहीही घ्या. मराठवाड्यात दर वर्षी दोन विषयांवर ढिगाने काम होतं: विद्यार्थ्यांचा महाविद्यालयीन अनुभव आणि कर्मचाऱ्यांची कार्यप्रेरणा. शीर्षक साधारण ठरलेलं असतं, 'अमुक घटकांचा चिकित्सक अभ्यास, तमुक जिल्ह्यातील निवडक महाविद्यालयांच्या विशेष संदर्भात'. पाच पर्यायांची प्रश्नावली, दोनशे-तीनशेचा नमुना, एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधले तक्ते आणि शेवटी निष्कर्ष की प्रेरणा 'उच्च' आहे. इकडे त्याच महाविद्यालयात दुपारी बारानंतर वर्गात माणूस नसतो, आणि ज्या कारखान्यात समाधान 'उच्च' निघालं तिथली निम्मी पोरं दिवाळीला गावी गेली की परत येत नाहीत.

हा मेळ का बसत नाही? माझं मत स्पष्ट आहे. गणित बहुतेक वेळा बरोबर असतं. चूक त्याच्या फार आधी होते, प्रश्नाच्या मराठीत, आणि तो प्रश्न कुणाला, कुठे, कधी विचारला त्यात. यंदा नोंदणी केलेल्यांनी हे आत्ताच वाचावं. फॉर्म भरून आल्यावर यातलं काहीही दुरुस्त होत नाही.

आधी शब्द. तयार इंग्रजी मोजपट्टी (ठरलेल्या विधानांचा संच) घ्यायची आणि पारिभाषिक कोशातून मराठी करायची, ही सर्रास पद्धत. मग विधान येतं, 'माझे पर्यवेक्षक मला पाठिंबा देतात'. बी.कॉम.च्या मुलीला पर्यवेक्षक म्हणजे परीक्षेत कॉपी धरणारे सर. वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराच्या तोंडी सुपरवायझर, लाईन लीडर, साहेब असे तीन वेगळे लोक असतात आणि तिघांविषयी त्याचं मत वेगळं असतं. 'मला अभ्यासात स्वायत्तता मिळते' या विधानावर विद्यार्थी विचार करतो की आपलं कॉलेज स्वायत्त झालंय की नाही. सगळ्यात घातक शब्द 'समाधानी'. आपल्याकडे समाधानी असणं हा संस्कार आहे, गुण आहे. 'तुम्ही कामावर समाधानी आहात का' यावर माणूस नोकरीचं नाही, स्वतःच्या स्वभावाचं उत्तर देतो. त्या रकान्यात ४.१ सरासरी आली तर कंपनीबद्दल काही कळलं असं समजू नका.

यावर उपाय माहीत असलेला आहे, फक्त अर्धवट केला जातो. दोन जणांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, त्यातला एक तरी त्या क्षेत्रातला हवा. दोन्ही जुळवून एक मसुदा करायचा. तिसऱ्या माणसाने मूळ इंग्रजी न पाहता तो परत इंग्रजीत करायचा. फरक दिसेल तिथे बसून बोलायचं. प्रबंधात एवढं लिहिलेलं असतं, पण खरं काम यानंतरचं आहे. उत्तरदात्यांसारख्याच आठ-दहा जणांना एकेक विधान वाचून दाखवा आणि विचारा, 'हे तुमच्या शब्दांत सांगा, आणि उत्तर देताना डोळ्यापुढं काय आलं?' समजा मोजपट्टीत अठ्ठावीस विधानं असली, तर एका माणसाचा पाऊण ते एक तास जातो. दोन-तीन दिवसांचं काम, आणि त्यात चार-पाच विधानं मोडून पडतात. जी मोडतात ती बहुतेक नकारार्थी असतात. 'मला कंटाळा येत नाही' याला 'असहमत' म्हणायचं म्हणजे नक्की काय, इथे शिकलेला माणूसही अडखळतो.

काही मोजपट्ट्यांत पाचऐवजी सात पर्याय असतात, त्यांचंही तेच. 'काहीसा सहमत' आणि 'थोडासा सहमत' यात मराठीत फरक नाही, आपण तो कागदावर बळंच पाडतो. तोंडी विचारताना दोन पायऱ्या करा. आधी 'पटतं की नाही पटत?' मग 'थोडं की पूर्ण?' दोन्ही मिळून चार पर्याय होतात, आणि 'सांगता येत नाही' वेगळं नोंदवा, त्याला मधला गुण देऊ नका. मात्र मोजपट्टी अशी बदललीत तर मूळ अभ्यासाच्या सरासरीशी तुलना करता येणार नाही, हे प्रबंधात लिहावं लागेल. मोजपट्टी वापरायला मूळ लेखकांची परवानगी लागते का हेही आधीच पाहा.

आता हर्झबर्ग. कार्यप्रेरणेच्या प्रत्येक प्रबंधात दुसऱ्या प्रकरणात त्याचा द्विघटक सिद्धांत असतो, आणि 'हायजिन'चं शब्दशः 'आरोग्य घटक' करून ठेवलेलं असतं, जणू विषय दवाखान्याचा आहे. १९५९ मध्ये आलेला तो अभ्यास पिट्सबर्ग भागातल्या २०३ अभियंत्यांवर आणि लेखापालांवर होता. त्याने पाच पर्यायांचे फॉर्म वाटले नव्हते. कामाबद्दल फार चांगलं वाटलं असा प्रसंग सांगा, फार वाईट वाटलं असा प्रसंग सांगा, असं समोर बसून विचारलं होतं. पगार, धोरण, वरिष्ठांची वागणूक हे वाईट प्रसंगांत जास्त आलं, आणि कामात यश, कौतुक, जबाबदारी हे चांगल्यात, म्हणून पहिल्यांना 'हायजिन' आणि दुसऱ्यांना 'प्रेरक' असे दोन घटक निघाले. आपण त्याचा निष्कर्ष घेतो आणि त्याची पद्धत सोडून देतो. पुढे त्या पद्धतीवर टीका झाली, माणूस यशाचं श्रेय स्वतःला आणि अपयशाचा दोष परिस्थितीला देतो वगैरे. ती टीका जरूर लिहा. पण आपल्या भागात प्रसंग विचारणं हीच पहिली पायरी असावी असं मला ठामपणे वाटतं, कारण इथला माणूस आकड्यात बोलत नाही, प्रसंगात बोलतो.

'मागच्या सहा महिन्यांत कामावर लई बरं वाटलं असा एक दिवस सांगा. त्या दिवशी काय झालतं?' एवढं विचारून गप्प बसायचं. पंधरा ते वीस मुलाखती घ्या, विद्यार्थ्यांच्या वेगळ्या, कामगारांच्या वेगळ्या. एक तासाचं बोलणं लिहून काढायला पाच-सहा तास लागतात, हे वेळापत्रकात धरा. आणि लिहिताना बोली सरळ करू नका. 'करूलालो', 'जायलोय' तसंच राहू द्या. 'मन लागत नाही', 'जीव लागत नाही', 'वैताग आलाय' हे तीन शब्दप्रयोग प्रमाण मराठीत 'प्रेरणेचा अभाव' झाले की तिन्हींतला फरक मेला. पहिल्यात काम नको आहे, दुसऱ्यात माणसं आपली नाहीत, तिसऱ्यात काम ठीक आहे पण कुणीतरी छळतंय. प्रश्नावलीची विधानं अशा बोलण्यातून घ्या. संभाजीनगर, नांदेडात दखनी बोलणारे आणि तांड्यावरून गोरबोली (बंजारा) बोलत आलेले विद्यार्थी भरपूर आहेत. त्यांना फक्त छापील मराठी फॉर्म देणं म्हणजे त्यांना अर्धं वगळणं.

विद्यार्थ्यांच्या बाजूला शैक्षणिक प्रेरणेची गाजलेली मोजपट्टी १९९२ ची, वॅलरँड आणि सहकाऱ्यांची, २८ विधानांची. तिचा मूळ प्रश्न, 'तुम्ही कॉलेजला का जाता?' इथेच घोळ आहे. आपल्याकडे हजारो मुलांनी 'अ‍ॅडमिशन टाकलेलं' असतं आणि ती दिवसभर अभ्यासिकेत असतात, पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. रोज दहा-बारा तास खुर्चीवर बसणाऱ्या त्या मुलाला ही मोजपट्टी सरळ 'प्रेरणाहीन' ठरवते. त्याला प्रेरणा आहे, कॉलेजसाठी नाही. म्हणून पहिला प्रश्न 'का जाता' नको, 'मागच्या आठवड्यात किती दिवस गेलात, आणि नाही गेलात तेव्हा कुठं होतात' हा हवा.

तसंच विद्यार्थी का गळतात याचं टिंटोचं १९७५ चं प्रतिमान. महाविद्यालयाशी शैक्षणिक आणि सामाजिक नाळ जुळली तर विद्यार्थी टिकतो, हे त्याचं सूत्र. ते आपण उचलतो आणि विधानं करतो क्लब, वसतिगृह, सांस्कृतिक सहभाग यांवर. गेवराई किंवा मंठ्याजवळच्या खेड्यातून एसटीने अप-डाऊन करणाऱ्या मुलीचा या सगळ्यात शून्य येणार. शेवटची गाडी किती वाजता, स्टँडवर किती वेळ जातो, घरून निघताना डबा होतो का, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे अडकलाय, हा तिचा 'विद्यार्थी अनुभव' आहे. शहरात राहणाऱ्यांचा वेगळा: कॉटबेसिसवर, म्हणजे खाटेच्या भाड्यावर, खोलीत किती जण, राहण्या-जेवणासाठीच्या स्वाधार योजनेचे पैसे आले का. हे रकाने तुम्हालाच तयार करावे लागतील.

नमुन्याविषयी जरा सविस्तर बोलतो, कारण सगळ्यात मोठी फसगत इथे आहे. वर्गात जाऊन, सरांना सांगून फॉर्म वाटले की नमुना फक्त हजर असलेल्यांचा झाला. हजेरीपटावर १२० नावं, वर्गात ३०, आणि निष्कर्ष १२० जणांचा. ज्यांचा अनुभव वाईट आहे ते आधीच गळालेले. वर सर तिथेच उभे, आणि अंतर्गत गुण त्यांच्या हातात. कार्यालयाची रीतसर परवानगी घेऊन नोंदणीची यादी घ्या, पहिलं नाव चिठ्ठीने काढा, मग दर पाचवं नाव. फोन करा. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी, किमान तीनदा. किती जण मिळाले, किती नाही मिळाले, का नाही, हा तक्ता प्रबंधात पहिला यावा.

महिना बघा. दसरा-दिवाळीनंतर बीड, धाराशिवकडची ऊसतोड कुटुंबं निघतात ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत, आणि पोरं पण सोबत जातात किंवा घर सांभाळायला मागे राहतात. ऑक्टोबरात सोयाबीन, पुढे कापूस वेचणी. डिसेंबरात गोळा केलेला नमुना आणि ऑगस्टमधला नमुना हे दोन वेगळे समाज आहेत. आठही जिल्हे घेणार असाल तर चार जिल्हे संभाजीनगरच्या विद्यापीठाकडे आणि चार नांदेडच्या, दोघांची परीक्षांची वेळापत्रकं वेगळी, हेही जुळवावं लागतं.

संख्येचं कोडं असं. किती समूहाला किती नमुना पुरे हे सांगणारा १९७० चा क्रेजसी-मॉर्गनचा तक्ता सगळे लावतात. ६०० च्या समूहाला २३४, फार मोठ्या समूहाला ३८४. हे आकडे साध्या यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून केल्यासारख्या, निवडीसाठी आहेत. तुम्ही २० वर्गांतून प्रत्येकी २० मुलं घेतलीत तर एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी उत्तरं देतात, कारण सर तेच, खोली तीच. हे साम्य (शून्य ते एक या मापावर) ०.०५ इतकं किरकोळ धरलं तरी सूत्र १ + १९ × ०.०५ (वर्गातली २० मुलं वजा एक म्हणून १९), म्हणजे १.९५. फॉर्मांच्या संख्येला याने भागायचं. तुमचे ४०० फॉर्म प्रत्यक्षात साधारण २०५ फॉर्मांइतकीच माहिती देतात. थोडे वर्ग आणि खूप मुलं घेण्यापेक्षा जास्त वर्ग आणि प्रत्येकी थोडी मुलं घ्या.

कारखान्यात एचआरमार्फत फॉर्म वाटू नका. कुणी कितीही 'गोपनीय' लिहिलं तरी कामगार त्यावर विश्वास ठेवत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. साप्ताहिक सुट्टीला बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजीत खोल्यांवर भेटा. पहिल्याच प्रश्नात परमनंट, ट्रेनी की ठेकेदाराकडचा हे नोंदवा आणि विश्लेषण वेगळं करा. ठेकेदाराच्या मुलाला 'बढतीच्या संधी' विचारणं निरर्थक आहे. हजेरी हा प्रेरणेचा पुरावा म्हणून वापरत असाल तर हजेरी भत्ता आहे का ते आधी विचारा. एक खाडा झाला की भत्ता जातो अशी अट असेल तर माणूस तापात पण येतो.

वेतनाचं समाधान आणि प्रेरणा दोन्ही एकाच फॉर्मवर, एकाच बैठकीत, एकाच माणसाने भरले की सहसंबंध येणारच, त्यात शोध काही नाही. एक गोष्ट माणसाकडून घ्या, दुसरी नोंदीतून, आणि त्यासाठी संमती लेखी घ्या. क्रोनबॅक अल्फा, म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा, ०.९५ आला म्हणून पेढे वाटू नका. एकच वाक्य पाच तऱ्हेने विचारलं तरी तो तेवढा येतो. ऑनलाइन फॉर्म असेल तर वेळ तपासा, २८ विधानं दीड मिनिटात वाचून होत नाहीत. असे फॉर्म काढायचा नियम मात्र माहिती पाहण्याआधी ठरवा, निकाल पाहून नाही.

तासिका तत्त्वावरच्या (सीएचबी) प्राध्यापकांवर काम करणाऱ्यांना एक कळकळीची सूचना. हा विषय फार महत्त्वाचा आहे, आणि फार नाजूकही. पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू का हेच ज्यांना ठाऊक नाही, मानधन महिनोन्‌महिने थांबतं, त्यांची 'संस्थेशी बांधिलकी' मोजताना आधी त्यांचं नुकसान होणार नाही हे बघा. एका विभागात सीएचबीवर एकच बाई असतील तर 'विषय, लिंग, तालुका' एवढ्या तक्त्याने त्या ओळखू येतात. तक्त्याच्या ज्या चौकटीत पाचपेक्षा कमी माणसं आहेत ती चौकट छापू नका, शेजारच्या गटात मिळवा. संस्थेचं नाव सांकेतिक ठेवा, आणि मार्गदर्शकांनासुद्धा कच्चे फॉर्म नावासकट दाखवू नका.

आणि ज्यांच्याकडे पीएच.डी.ची तीन वर्षं आहेत त्यांनी एकदाचा फॉर्म भरून घेण्यावर थांबू नये. आयटीआय किंवा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षात त्याच मुलांना भेटा, नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी भेटा, वर्षाने परत भेटा. कॉलेजमधला अनुभव कामावर सोबत येतो की गेटवर संपतो, हे कळायला दुसरा रस्ता नाही. शेवटी ६० हवे असतील तर ९० पासून सुरुवात करा, तिसरा हिस्सा गळतोच. प्रत्येकाचे तीन नंबर घ्या: स्वतःचा, घरचा आणि गावातल्या एका मित्राचा. पोरं रिचार्जच्या ऑफरसाठी सिम बदलतात. मित्राचा नंबर बहुधा लागतो, आणि तो सांगतो, 'तो आता चाकणला आहे, रविवारी फोन करा'.