रेच्यावरचा मास्क

काल गावच्या ग्रुपवर पुन्हा तोच जुना वाद निघाला. कोरोनात मास्कची सक्ती बरोबर होती की नव्हती? एक म्हणे लोकांना उगाच भेवाडलं, दुसऱ्यानं लगेच त्याचा पक्ष काढला. रात्री अकरापर्यंत चाललं. त्या गर्दीत रेच्यावर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रावर, काम केलेलं मात्र कोणी नव्हतं, म्हणून हे लिहितो.

मी तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे असे रेचे चालणाऱ्या कारखान्यात, वजनकाट्यावर होतो. ज्यांनी जिनिंग फक्त रस्त्यावरून पाहिली त्यांना सांगतो, आत रेच्यांची रांग असते. बाया कापूस सोडतात, सरकी खाली पडते, रुई पुढे जाते आणि उरलेलं सगळं हवेत. ट्यूबलाइटवर कापसाच्या मिशा लोंबतात. संध्याकाळी बाया बाहेर येतात तेव्हा पंचविशीतल्या पोरीच्याही भुवया पांढऱ्या असतात.

सुटीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळते, असं त्या सांगायच्या. आम्ही हसायचो, "आराम अंगी लागला वाटते!" कापसाच्या धुळीनं होणाऱ्या या दुखण्याला बिसिनोसिस म्हणतात आणि १९४८च्या कारखाने कायद्यात नोंद करायच्या रोगांच्या यादीत ते होतं, हे मला फार उशिरा कळलं. आमच्या जिनिंगमध्ये आगीसाठी पाण्याची टाकी, वाळूच्या बादल्या, बिडीला सक्त मनाई, सगळं होतं. कापसाचा विमाही होता. नाकासाठी ज्याचा त्याचा पदर.

मग कोरोना आला. १५ जानेवारी २०२१ला ग्रामपंचायतींचं मतदान झालं, १८ला गुलाल उधळला. सगळ्याच पार्ट्यांनी उधळला, कोणी उगाच सोवळं होऊ नये. फेब्रुवारीत अमरावतीला पुन्हा लॉकडाऊन लागला. मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंनी 'मी जबाबदार' म्हणायला सांगितलं, आणि इकडे चौकात मास्कवरून माणसाचा पक्ष ओळखणं सुरू झालं. घातला तर सरकारचा, हनुवटीवर असला तर विरोधातला.

माझं मत विचाराल तर मास्क हवाच होता. रेचे सुरू असले की कानाशी तोंड नेऊन ओरडल्याशिवाय बोलणं होत नाही. अशा शेडमध्ये एकाला झालं तर दहा जणींच्या घरी जायला वेळ लागत नाही.

पण आम्ही दिला तो कोणता? पेटीतला पातळ निळा. श्वासानं ओला झाला की वरून रुई चिकटायची, जेवणाच्या सुटीपर्यंत त्याचं नमदं व्हायचं. श्वासच जाईना, मग बाया तो खाली ओढायच्या. एका दिवशी तपासणीचं पथक आलं आणि नेमकी तेव्हाच एकीची पावती फाडली. मालकाची नाही, तिची. त्यानंतर पथक येणार असं कळलं की मी गेटवर मास्क वाटायचो, रजिस्टरवर अंगठे घ्यायचो आणि गाडी वळली की न वापरलेले परत पेटीत. हो, मीच. मालकानं सांगितलं होतं, पण हात माझे होते.

त्यातली एक मावशी एकदा म्हणाली, "भाऊ, हा कोरोना पैदा नव्हता झाला तवापासून आमच्या नाकावर पदर हाये. तवा कोनी पावती फाडाले नाही आलं." माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिनंही थांबून ऐकलं नसतं, कापूस सोडायचा होता.

आपल्याच जिल्ह्यात २०१७ला फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. मग किट वाटल्या, फोटो निघाले. डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या उभ्या पिकात, भादव्याच्या उकाड्यात ती किट घालून कोणी अर्धा दिवस पंप चालवून दाखवावा. नाही घातली की म्हणायला मोकळे, मजूर अडाणी.

एप्रिल २०२२ला राज्यात मास्कची सक्ती उठली. ग्रुपवर फटाक्यांचे फोटो आले. रेच्यावर त्या दिवशीही तेवढीच रुई उडत होती. धूळ ओढून नेणारे पंखे, दर दोन तासांनी बाहेरची हवा, वर्षातून एकदा छातीची तपासणी आणि ज्यातून श्वास जाईल असा मास्क, एवढं कोणत्या पक्षाच्या विरोधात जातं ते मला अजून कोणी सांगितलं नाही.

मागच्या हंगामात जुन्या हिशेबाच्या वह्या आणायला गेलो तर कपाटावर ती पेटी तशीच होती. मावशी रेच्यावरच होती. म्हणाली, "असतीन तर दे ना दोनचार, पदर फाटला माहा." काढून पाहिले. रबर हातात तुटत होतं.