नॉमिनी लावला म्हणजे मृत्युपत्र झालं नाही

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर नानामामांनी एक मेसेज टाकला. वर लाल ठिपके, खाली 'प्रत्येक घरापर्यंत पोहोचवा'. संध्याकाळी तोच सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि रात्री आमच्या जुन्या बँकवाल्यांच्या. पाच गोष्टी त्यात ठासून सांगितल्या आहेत. सगळीकडे नॉमिनी लावा, मग मृत्युपत्राची गरज नाही. नवऱ्यामागे सगळं आपोआप बायकोचं होतं. लग्न झालेल्या मुलींच्या हक्कसोडपत्रावर आत्ताच सह्या घेऊन ठेवा. सगळ्यात उत्तम म्हणजे जिवंतपणीच मुलांना बक्षीसपत्र करून मोकळं व्हा. आणि मृत्युपत्र करायचंच असेल तर स्टॅम्पपेपरवर, वकिलाकडून, रजिस्टर केलेलं. नाहीतर तो कागद रद्दी.

मी वकील नाही. बँकेत एकतीस वर्षं काढली आणि शेवटची बरीच वर्षं मयत खातेदारांचे दावे बघितले. मामा, तुम्हाला ग्रुपवर एका ओळीत 'हे चूक आहे' म्हटलं तर तुम्ही रागावला असतात, म्हणून सविस्तर लिहिते. पुढचं बरंचसं हिंदू वारसा कायद्याबद्दल आहे. बौद्ध, जैन आणि शीख त्यातच येतात.

'नॉमिनी लावला की काम झालं.'

आपण घरी नसलो की शेजारच्या काकू कुरिअर घेऊन ठेवतात. सही त्या करतात, पार्सल त्यांच्या हातात येतं, पण म्हणून आतली साडी त्यांची होत नाही. नॉमिनीचं बहुतेक ठिकाणी हेच आहे. खातेदार गेल्यावर पैसे कुणाच्या हातात दिले म्हणजे बँक सुटते, एवढाच प्रश्न नॉमिनेशन सोडवतं. ते पैसे शेवटी कुणाचे, हे मृत्युपत्र ठरवतं आणि ते नसेल तर वारसा कायदा. विम्याबाबत सुप्रीम कोर्टाने हे १९८४ मध्ये सांगितलं, बँकेतल्या ठेवींबाबत २०१० मध्ये. शेअरबाबत मात्र बराच काळ घोळ होता. मुंबई हायकोर्टाच्या एका निकालाने २०१० साली नॉमिनीलाच मालक ठरवलं होतं आणि मेसेजवाल्यांची गाडी बहुधा तिथेच अडकली आहे. त्याच हायकोर्टाच्या खंडपीठाने २०१६ मध्ये ते खोडून काढलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या खटल्यात सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. शेअरचा नॉमिनीही मालक नाही.

एका जागी मेसेज अर्धा बरोबर आहे, तेही सांगते. आयुर्विम्याच्या कायद्यात २०१५ ला दुरुस्ती झाली. पॉलिसीत आईवडील, नवरा किंवा बायको, मुलं यांच्यापैकी कुणी नॉमिनी असेल, तर ती रक्कम त्यांचीच होते. भाऊ किंवा पुतण्या नॉमिनी असेल तर पुन्हा कुरिअरवाल्या काकू.

सोसायटीचा फ्लॅट घ्या. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ ला गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं. त्याप्रमाणे सभासद गेल्यावर नॉमिनीला तात्पुरतं सभासदत्व मिळतं, खरे हक्कदार नोंदले जाईपर्यंत. आमच्या सेक्रेटरींना हे माहीत आहे. नॉमिनेशन फॉर्म भरून 'फ्लॅट आता धाकट्याचा' असं सांगत फिरणाऱ्या आजोबांना नसतं.

बँक खात्यालाही नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात, ठेवींना टक्केवारी ठरवूनसुद्धा. यावर लगेच नवा मेसेज फिरला की आता वाटणीच बँकेत होते. होत नाही. कुरिअर घेणाऱ्या काकू एकाच्या चार झाल्या. नॉमिनी जरूर लावा, नाहीतर दाव्याची फाईल जाड होते आणि घरच्यांना खेटे घालावे लागतात. फक्त त्याला मृत्युपत्र समजू नका.

'नवऱ्यामागे सगळं आपोआप बायकोचं.'

पाचही मुद्द्यांत सगळ्यात जास्त नुकसान करणारा हा. एक साधा हिशेब मांडते. नवरा सेहेचाळिसाव्या वर्षी गेला. फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर, स्वकष्टार्जित, किंमत ८० लाख धरू. मागे बायको, दोन लहान मुलं आणि त्याची आई. वडील आधीच गेलेले. मृत्युपत्र नाही.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात पहिल्या वर्गाचे वारस एकत्र आणि सारखा वाटा घेतात. त्यात आई आहे. (वडील दुसऱ्या वर्गात आहेत, हे ऐकून समोरची माणसं हमखास चमकतात.) म्हणजे ८० लाखांचे चार भाग झाले आणि बायकोकडे आले २० लाख. बाकी ६० लाख तिचे नाहीत, भले ती त्याच घरात राहून हप्ते फेडत असेल.

पुढे पाच वर्षांनी सासूबाई गेल्या. त्यांचंही मृत्युपत्र नाही. त्यांचा पाव हिस्सा त्यांच्या मुलांकडे जाणार: दीर एक, नणंद एक आणि गेलेल्या मुलाची मुलं मिळून एक. विधवा सून त्या यादीत नाही. आता फ्लॅटमध्ये दिराचा बारावा हिस्सा, नणंदेचा बारावा. दोघंही भले असतील. पण घर विकायचं म्हटलं की त्यांच्या सह्या लागणार, आणि एखादा बँगलोरला असेल, दोघांचं आपसांत बोलणं नसेल, किंवा गोष्ट त्यांच्या मुलांपर्यंत गेलेली असेल. शिवाय मुलं अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली, असतील तर त्यांच्या हिश्शाची विक्री आईला जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय करता येत नाही. माझ्यासमोर बसलेल्या एका बाईंनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे स्वयंपाकघर कुणाच्या वाट्याला आलं?" मला उत्तर सुचलं नाही.

नवऱ्याने एका पानावर 'माझं सगळं माझ्या पत्नीला' एवढं नीट लिहून ठेवलं असतं, तर यातलं काही झालं नसतं.

आणि बाईच्या मिळकतीचं काय, याबद्दल मेसेज मूग गिळून बसतो. मूल नसलेली विधवा, स्वतःच्या नोकरीतून पैसे साठवलेले, मृत्युपत्र नाही. कायद्याच्या क्रमात तिच्या आईवडिलांच्या आधी नवऱ्याचे वारस येतात. ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या खटल्यात २००९ साली हेच झालं. ती बाई लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झाली होती, सासरच्यांनी घराबाहेर काढलं, माहेरच्यांनी शिकवलं, तिने नोकरी केली. ती गेल्यावर तिची बँकेतली शिल्लक आणि भविष्यनिर्वाह निधी मिळाला तिच्या नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. कोर्टाने सांगितलं, सहानुभूतीवर कायदा चालत नाही. नोकरी करणाऱ्या प्रत्येक मैत्रिणीला मी ही गोष्ट सांगते. तिला मृत्युपत्र कर म्हटलं की ती म्हणते, 'माझ्याकडे आहे काय एवढं!' त्या बाईलाही बहुधा असंच वाटत असेल.

'मुलींच्या सह्या आत्ताच घ्या.'

वडील हयात आहेत, मिळकत त्यांनी स्वतः कमावलेली, तर मुलीचा त्यात आज काही हक्कच नाही. तसा मुलाचाही नाही. नसलेला हक्क सोडायचा कसा? उद्या वारसा मिळेल ही नुसती आशा, आणि आशेचं हस्तांतर कायदा मानत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मात्र मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क आहे. ही २००५ ची दुरुस्ती, आणि ती झाली त्या दिवशी वडील हयात असायची गरज नाही, हे ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट झालं. लग्नाचा त्याच्याशी संबंध नाही. तिला तो हक्क सोडायचाच असेल तर हक्कसोडपत्र रजिस्टर करावं लागतं. भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटाशेजारी ठेवलेल्या कोऱ्या स्टॅम्पपेपरवरची सही ही पुढच्या दाव्याची सुरुवात असते.

'सातबारावर भावांचीच नावं आहेत, विषय संपला' हेही याच मेसेजचं धाकटं भावंड. फेरफार नोंद महसुलासाठी असते. तिने मालकी येत नाही आणि जातही नाही.

'बक्षीसपत्र करून मोकळं व्हा.'

मोकळं खरंच होता येतं, घरातूनसुद्धा. रजिस्टर झालेलं बक्षीसपत्र मन बदललं म्हणून फाडता येत नाही. मृत्युपत्र शेवटच्या दिवसापर्यंत बदलता येतं. मुद्रांक शुल्क कमी लागतं म्हणून राहतं घर मुलाच्या नावे करणारे खूप आहेत. मला हा मोह कळतो, कारण मागे कटकट नको ही भावना खरी असते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे. सांभाळण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळलं नाही, तर प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करून ते हस्तांतर रद्द करून घेता येतं. पण ती अट होती हे दाखवावं लागतं, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये तसं म्हटलंय. द्यायचंच असेल तर अट त्या दस्तातच लिहा आणि हयातभर राहण्याचा हक्क स्वतःकडे ठेवा. मुलगा चांगला आहे म्हणून लिहायला संकोच वाटतो? चांगल्या मुलाला त्या ओळीचा त्रास होत नाही.

'स्टॅम्पपेपर, वकील, रजिस्ट्री, नाहीतर रद्दी.'

साधा कागद चालतो. स्टॅम्प लागत नाही. हाताने लिहिलेलं चालतं. नोंदणी ऐच्छिक आहे. केली तर बरी, कारण कागद हरवत नाही आणि खोटा ठरवणं अवघड जातं. मृत्युपत्र मुंबईबाहेर केलेलं आणि त्यातली स्थावर मिळकतही मुंबईबाहेरची असेल, तर महाराष्ट्रात हिंदूंना प्रोबेटची, म्हणजे ते खरं असल्याचा कोर्टाचा दाखला घेण्याची, सक्ती कधीच नव्हती. उलट रजिस्टर केलेलंही कोर्टात टिकतंच असं नाही. मोबाईलवर व्हिडिओ करून 'हे माझं मृत्युपत्र' म्हटलं तर ते मृत्युपत्र होत नाही, साक्षीदारांच्या सह्या त्यावर होणार कशा?

'प्रत्येक घरापर्यंत' हा मेसेज म्हापशाच्या माझ्या नणंदेकडेही पोहोचला. गोव्यातला वारसा कायदाच वेगळा. तिथे सर्वसाधारणपणे लग्नाबरोबर मिळकत दोघांची निम्मी-निम्मी होते आणि मुलं असतील तर आपल्या वाट्यातला अर्धाच भाग मृत्युपत्राने हवा त्याला देता येतो. मूळ गोव्याच्या रहिवाशाची मिळकत मुंबईत असली तरी हाच कायदा लागतो, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं. मुस्लिम कुटुंबातही मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांशच देता येतं.

जे चुकवून चालत नाही ते मेसेजमध्ये आलेलंच नाही: दोन साक्षीदार. लिहिणाऱ्याने सही केलेली त्या दोघांनी पाहायची आणि त्याच्यादेखत स्वतःच्या सह्या करायच्या. आत काय लिहिलंय ते त्यांना वाचायला देण्याची गरज नाही. वयाने तुमच्यापेक्षा लहान, तब्येतीने बरे आणि शक्यतो ज्यांना त्यात काही मिळणार नाही असे निवडा, कारण पुढे त्यांच्यापैकी एकाला तरी कोर्टात उभं राहावं लागू शकतं.

माझ्याकडे एकदा लॅमिनेट केलेलं मृत्युपत्र आलं होतं. निवृत्त ड्रॉइंग शिक्षकांचं. अक्षर असं की छापल्यासारखं, मुद्दे क्रमवार, लॉकरचा नंबर, पितळी समईसुद्धा कुणाला ते लिहिलेलं. प्रत्येक पानावर सही. शेवटी एका साक्षीदाराची सही, पत्ता, तारीख. त्याखाली दुसऱ्यासाठी पट्टीने आखलेली रेघ रिकामी, आणि तिच्या बाजूला प्लॅस्टिकच्या आत कायमचं बंद झालेलं पेन्सिलचं टिपण: 'शेजारच्यांना विचारणे.'