टेकडी चढा, डिजिटल व्हा!

अभिनंदन! आपण डिजिटल इंडियाचे नागरिक आहात. तशी घोषणा 1 जुलै 2015 लाच झालेली आहे. त्यामुळे तुमच्या गावात नेट चालत नसेल तर ती तुमची घरगुती अडचण समजावी. ती सोडवायला हातभार लागावा म्हणून, नुकत्याच अंगावर आलेल्या अनुभवातून, काही सूचना देतो आहे.

सगळ्यात आधी गुडघे तपासून घ्या. माझ्या आत्याने घेतले नव्हते. वय सत्तरीच्या पुढे, गाव घाटमाथ्यावरचं आणि रेशनकार्डाच्या ई-केवायसीची मुदत तोंडावर आलेली. दुकानात मशीन होतं, मशीनमध्ये सिम होतं, सिमला रेंज नव्हती. मग दुकानदाराने मशीन काखोटीला मारलं आणि देवळामागची टेकडी चढायला लागला. अख्खी रांग त्याच्या मागे. पुढे मशीन, मागे पिशव्या सावरत म्हाताऱ्या, टाळ-मृदंग तेवढे नव्हते, नाहीतर वारीच. वर पोचल्यावर दोन काड्या आल्या आणि आत्याचा अंगठा लागेना. "काकू, पदराला पुसा आन् परत ठेवा." पुसला. "जरा दाबून." दाबला. साठ पावसाळे भात लावलेला अंगठा तो, त्यावर रेषा शोधायच्या कुठे? तेवढ्यात काड्या गेल्या. "सर्व्हर डाऊन. उद्या या सगळ्यांनी."

तर दुसरी सूचना आपोआपच निघते: लहानपणापासून अंगठा जपा.

तिसरी. 'नेट नाही' असं म्हणू नका, फार जुनाट वाटतं. 'सर्व्हिस रेडी आहे' असं म्हणा. गावोगाव फायबरचं नेट नेणाऱ्या 'भारतनेट' योजनेच्या सरकारी भाषेत देशातल्या 2 लाखांहून जास्त ग्रामपंचायती सर्व्हिस रेडी, म्हणजे नेट द्यायला सज्ज, आहेत. आत्याच्या गावची ग्रामपंचायतही असावी, कारण कार्यालयाच्या भिंतीवर एक खोकं आहे, त्याला कुलूप आहे आणि आत एकही दिवा लागत नाही. वायर रस्त्याच्या कामात जेसीबीने तोडली, असं गावात सांगतात. कुणी तोडली, कुणी जोडायची, हे विचारायला फोन लावावा तर पुन्हा टेकडी. बरं, पहिल्या टप्प्यातल्या बऱ्याच लाइनी तालुक्यापासून गावागावाला सरळ नेलेल्या. मधे एक घाव बसला की पुढची सगळी गावं आंधळी. गोलाकार जोडणी केली असती तर दुसऱ्या बाजूने नेट आलं असतं. ही अक्कल दशकभराने आली आणि आता सुधारित योजनेत 'रिंग' हा मोठा शोध म्हणून मांडला जातोय.

चौथी सूचना टीव्हीवर चर्चेला जाणाऱ्यांसाठी. पक्ष कोणताही असो, घाबरू नका, दोघांनाही पुरेल एवढा मसाला आहे. तुम्ही काँग्रेसचे असाल तर म्हणा, ही योजना आमची, ऑक्टोबर 2011 मध्ये आम्ही मंजूर केली, अडीच लाख ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबर दोन वर्षांत देणार होतो. (दोन वर्षांत काय झालं, हे विचारायच्या आत जाहिरात लागते.) तुम्ही भाजपचे असाल तर म्हणा, 2014 आधी होतंच काय? नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क या कंटाळवाण्या नावाचं 'भारतनेट' आम्ही केलं. ते खरंच आहे, नावात ही मंडळी कमी पडत नाहीत. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातले 5 टक्के गावोगाव फोन-नेट पोचवायच्या ज्या सार्वत्रिक सेवा निधीत जातात, त्याचंही आता 'डिजिटल भारत निधी' झालं. म्हणजे तुमच्या-माझ्या रिचार्जमधून जो पैसा त्या कुलूपबंद खोक्यासाठी जातो, तो आता जास्त देशभक्त झाला आहे.

आणि तारखा पाठ करा. 15 ऑगस्ट 2020 ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी सांगितलं की सहा लाखांहून जास्त गावांना 1000 दिवसांत ऑप्टिकल फायबर मिळेल. हजार दिवस मे 2023 मध्ये संपले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेटसाठी 1,39,579 कोटी रुपये मंजूर केले. 2011 मध्ये हीच गोष्ट 20,000 कोटींच्या आसपास होणार होती. इथून शिका. काम वेळेत झालं नाही की पैसे कमी होत नाहीत, वाढतात. तुमच्या आत्याला हे जमत नाही. तिचं काम मुदतीत झालं नाही तर तिचे पाच किलो जातात.

गावात पाहुणे येणार असतील तर हरिसालचा अभ्यास करा. मेळघाटातलं हे गाव देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून मिरवलं गेलं, मायक्रोसॉफ्ट आली, जाहिराती झाल्या. मग 2019 च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे "लाव रे तो व्हिडिओ" म्हणाले आणि जाहिरातीतलं हरिसाल आणि खरं हरिसाल सगळ्या महाराष्ट्राने शेजारी शेजारी पाहिलं. टाळ्या दणदणीत पडल्या. सरकारने खुलासे केले. दोन आठवडे सगळ्यांना मेळघाटची भारी काळजी. निवडणूक संपली, पडदा गुंडाळला, विषयही गुंडाळला. यावरून घ्यायचा धडा: तुमच्या गावाला रेंज हवी असेल तर ती मतदानाच्या आधी मागा, आणि शक्यतो कॅमेऱ्यासमोर.

आभाळाकडे बघत राहा. नोव्हेंबर 2025 मध्ये राज्य सरकारने उपग्रहावरून नेट देणाऱ्या स्टारलिंकशी इरादापत्र केलं आहे, गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिमसाठी. जमिनीतून आलं नाही ते वरून येईल.

कायद्याचंही ज्ञान हवं. 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवा मिळणं हा अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि केवायसी दिव्यांगांनाही करता आली पाहिजे. निकालाची प्रिंट काढून टेकडीवर न्या. मशीनला दाखवा.

बाई असाल तर बाप किंवा नवरा जिवंत ठेवा. ही थट्टा नाही. लाडकी बहीणच्या ई-केवायसीत बाईच्या आधारनंतर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार आणि त्यावर येणारा ओटीपी मागितला. ज्यांचे दोघेही गेले त्यांनी ओटीपी कुठून आणायचा? ओरड झाली, मुदत वाढली, मग मृत्यूच्या दाखल्याचा रस्ता काढला. म्हणजे फॉर्म तयार करताना त्या खोलीत बसलेल्या एकालाही विधवा नावाचा माणूस आठवला नाही, बायकांच्याच योजनेत! आणि ज्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने 2019-21 मध्ये मोजलं की इंटरनेट कधी तरी वापरलेल्या बायका 33 टक्के आणि पुरुष 57, तिथे बाईला सांगायचं, घरबसल्या मोबाइलवरून करा. कुणाच्या मोबाइलवरून? फोन नवऱ्याच्या खिशात, नाहीतर पोराच्या हातात. मग सेवा केंद्रावर जा, त्या दिवसाची मजुरी बुडवा, वर फुकटच्या कामाचे पन्नास द्या.

आता सूचना पुरे झाल्या.

झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात 2017 मध्ये 11 वर्षांची एक मुलगी गेली. आधार जोडलं नाही म्हणून घराचं रेशनकार्ड रद्द झालं होतं. घरचे म्हणाले भूक, प्रशासन म्हणालं मलेरिया. त्यानंतर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या अन्न विभागाने लेखी कळवलं की आधार नाही, अंगठा लागत नाही किंवा नेटवर्क नाही म्हणून कुणाचं धान्य अडवायचं नाही, वहीत नोंद करून द्यायचं. वहीत! कागदाची वही, दोन रुपयांचं पेन. हे पत्र आजही आहे. तरी म्हाताऱ्यांना टेकडीवर कशाला नेता? फायबर ओढायला तुम्हाला एक तपाहून जास्त लागलं, कुणाचं नाव कुठल्या यादीतून कापलं गेलं नाही. आणि आत्याला अंगठ्यासाठी महिन्याची मुदत, चुकली तर नाव बाद? हा कुठला न्याय? ज्या गावात नेट लावलं नाही, त्या गावातल्या माणसाला ऑनलाइनची सक्ती करायची नाही, एवढं साधं कळत नसेल तर त्या खुर्च्या सोडा. आधी नेट द्या, ते वर्षभर नीट चालवून दाखवा, मग तारखा लावा. तोवर वही काढा.

आणि शहरात बसून "जगात सगळ्यात स्वस्त डेटा आपल्याकडे" हे फॉरवर्ड करणाऱ्यांनो, जरा थांबा. 2024 च्या जुलैमध्ये रिचार्ज महागले तेव्हा तुम्हीच बोंबललात ना? तुमच्याकडे निदान रिचार्ज मारून नेट येतं. दिवाळीला गावी जाल तेव्हा ग्रामपंचायतीत जा, त्या खोक्याचा फोटो काढा, ग्रामसेवकाला विचारा शेवटचं कधी चालू होतं, आणि उत्तर लेखी मागा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मात्र "आता सगळं ऑनलाइन होतं हो, काही अवघड नाही" असं पुन्हा सांगाल तर खबरदार.