बोस्टनच्या खाडीत बुडाला तो स्वस्त चहा

‘इंग्रज सरकारने चहावर भरमसाट कर लादला, चहा महागला, तेव्हा चवताळलेल्या जमावाने भारतातून आलेला चहा बोस्टनच्या समुद्रात फेकला आणि कधीही न झुकणाऱ्या सरकारने युद्ध पुकारले’, असा मजकूर अनेकांच्या मोबाइलवर येऊन गेला असेल. त्यातले चहा समुद्रात गेला एवढे खरे. बाकी जवळजवळ प्रत्येक शब्द तपासून घ्यावा लागतो.

करापासून सुरुवात करू. १७७३ च्या चहा कायद्याने अमेरिकेतील इंग्रज वसाहतींवर एका पैचाही नवा कर बसवला नाही. रत्तलामागे ३ पेन्सांचा कर १७६७ पासूनच होता. नव्या कायद्याने उलट ईस्ट इंडिया कंपनीला इंग्लंडमधील जकातीचा परतावा दिला आणि लंडनचा लिलाव टाळून थेट अमेरिकेत माल धाडण्याची मुभा दिली, त्यामुळे कंपनीचा चहा चोरट्या डच चहाशी किमतीत टक्कर देऊ शकणार होता. म्हणजे चहा स्वस्त होणार होता, आणि मेख नेमकी तिथेच होती: ज्या पार्लमेंटमध्ये आपला एकही प्रतिनिधी नाही, तिचा कर बसवण्याचा हक्क लोक स्वस्ताईच्या मोहाने मुकाट मान्य करतील, ही विरोधकांची धास्ती होती. चोरट्या मालावर गब्बर झालेल्या व्यापाऱ्यांचा स्वार्थही त्यात मिसळला होता, हे लपवण्याचे कारण नाही.

चहा भारतातला नव्हता. पेट्यांत बोही, सिंग्लो, हायसन असे चिनी प्रकार होते. आसामचा चहा लंडनच्या लिलावात पोहोचला तो १८३९ मध्ये. भारताचा खरा संबंध निराळा आणि अधिक कटू आहे. बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करण्याचा हक्क, हाती असूनही लष्करी खर्च, १७७० चा दुष्काळ आणि वखारींत पडून राहिलेला चहा यांमुळे कंपनी डबघाईला आली. तिला सरकारने १४ लाख पौंडांचे कर्ज दिले. चहा कायदा हा त्याच सावरासावरीचा भाग होता. पेनसिल्व्हेनिया वसाहतीतील राजकारणी जॉन डिकिन्सनने तर १७७३ मध्येच बंगालच्या भूकबळींकडे बोट दाखवून आपल्या लोकांना या कंपनीपासून सावध केले होते.

‘चवताळलेला जमाव’ हेही तितकेसे खरे नाही. जहाज बंदरात आल्यापासून २० दिवसांत जकात भरली नाही, तर माल जप्त होई. ‘डार्टमथ’ जहाजाची ही मुदत संपत आली होती, आणि जकात भरल्याशिवाय ते परत जाऊ देण्यास मॅसॅच्युसेट्सचा, म्हणजे बोस्टनच्या वसाहतीचा, गव्हर्नर हचिन्सन तयार नव्हता. (त्याचे दोन मुलगे याच चहाचे आडते होते, हा योगायोग नजरेआड करण्याजोगा नाही.) १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री तीन जहाजांवरच्या सुमारे ३४० पेट्या फोडण्यात आल्या. ओहोटीमुळे पाणी इतके उथळ होते की चहाचे ढीग जहाजांच्या कडेला साचू लागले आणि ते ढकलून पसरावे लागले. कोटात चहा कोंबणाऱ्या एकाला पकडून चोप देण्यात आला. चहाखेरीज दुसऱ्या मालाला कोणी हात लावला नाही.

सरकार कधीच झुकले नाही, हे विधान सर्वांत दिशाभूल करणारे आहे. बहिष्कारामुळे खुद्द इंग्लंडचे व्यापारी ओरडू लागले, तेव्हा वसाहतींतील कागदपत्रांवर कर बसवणारा १७६५ चा मुद्रांक कायदा पुढच्याच वर्षी रद्द झाला; मात्र त्याच दिवशी, वसाहतींसाठी वाटेल तो कायदा करण्याचा हक्क आम्हाला आहे, असे जाहीर करणारा दुसरा कायदा संमत झाला. १७७० मध्ये काच, शिसे, रंग आणि कागद यांवरील कर उठले. चहावरचा राहिला, तो उत्पन्नापेक्षा हक्काची खूण म्हणून. पैसा सोडायचा पण हक्क सोडायचा नाही, हे त्या सरकारचे धोरण होते.

बोस्टनच्या घटनेनंतरही सरकारने लगेच युद्ध पुकारले नाही. १ जून १७७४ पासून कंपनीची भरपाई होईपर्यंत बंदर बंद करण्यात आले, मॅसॅच्युसेट्सच्या गावसभांवर निर्बंध आले, आणि इंग्रज सेनापती गेजला तिथला गव्हर्नर नेमण्यात आले. शिक्षा एका शहराला होती, पण सप्टेंबरात फिलाडेल्फियात १२ वसाहतींचे प्रतिनिधी एकत्र बसले. पहिली गोळी झडली ती एप्रिल १७७५ मध्ये. अखेर १७७८ मध्ये पार्लमेंटने महसुलासाठी वसाहतींवर कर बसवण्याचा आग्रह सोडला आणि तो ३ पेन्सांचा करही रद्द केला. तोवर स्वातंत्र्याची घोषणा होऊन दीड वर्ष उलटले होते आणि फ्रान्सशी तहही झाला होता.